पेढीवाल्याच्या घरातले दोन सूर

मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत संगणक आलेला नव्हता. हातभर रुंदीची, उचलताना कंबर सांभाळावी लागे अशी लेजरे होती आणि त्यांत शाईने नोंदी कराव्या लागत. बचत खात्यांच्या एका लेजरात एका भावाबहिणीची खाती लागोपाठच्या पानांवर होती. आडनाव एक, नावाचे आद्याक्षरही एकच. बहीण शाळेत शिक्षिका. तिच्या पगाराचा चेक दरमहा यायचा आणि सलग चार महिने मी तो भावाच्या पानावर जमा केला. सहामाही व्याज काढताना चूक ध्यानात आली आणि पोटात गोळा आला. बाई काउंटरवर आल्या तेव्हा मी माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या की, दुसऱ्याच महिन्यात पासबुक पाहून त्यांच्या हे लक्षात आले होते. पण पैसे घरातच तर आहेत, म्हणून त्या बोलल्या नाहीत. भावाने पासबुक उघडूनही पाहिले नव्हते.

चूक दुरुस्त करायला दोन व्हाउचरे पुरली. त्याच्या नावे, तिच्या जमा. पुढे नोकरीच्या धबडग्यात मी हा प्रसंग विसरूनही गेलो. निवृत्तीनंतर पाश्चात्त्य संगीत ऐकण्याचा नाद लागला, आणि फेलिक्स मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराचे चरित्र वाचता वाचता त्या बाई एकदम डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या.

मेंडेल्सनचे नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या तोंडी नसले, तरी त्याची एक धून आपण ऐकलेली असते. गोव्यात, वसईला किंवा वांद्र्याला एखाद्या ख्रिस्ती लग्नाला गेलेल्याला ती आठवेल. लग्न लागून नवरा-नवरी हातात हात घालून चर्चबाहेर पडतात, तेव्हा ऑर्गनवर दणदणीत स्वरांत वाजते ती ‘वेडिंग मार्च’ ही रचना मेंडेल्सनची. नवरी आत येताना वाजते ती दुसरी संथ धून रिशार्ड वाग्नरची. हे दोघे जगभरच्या लग्नांत असे शेजारी शेजारी नांदतात. प्रत्यक्षात वाग्नरने मेंडेल्सनचा किती द्वेष केला, ते पुढे येईलच.

फेलिक्सचा जन्म हॅम्बर्गचा, ३ फेब्रुवारी १८०९ चा. घराणे ज्यू. आजोबा मोझेस मेंडेल्सन वयाच्या चौदाव्या वर्षी, १७४३ मध्ये डेसाउ गावाहून पायी बर्लिनला आले आणि पुढे साऱ्या युरोपात तत्त्वज्ञ म्हणून गाजले. त्यांच्या मुलांनी मात्र पैशाचा मार्ग धरला. थोरल्या योसेफने १७९५ मध्ये बर्लिनला पेढी घातली. १८०४ मध्ये धाकटा अब्राहम तिच्यात भागीदार झाला. हा अब्राहम फेलिक्सचा बाप. १८११ मध्ये फ्रेंचांच्या अमलाखालचे हॅम्बर्ग सोडून तो बायकामुलांसह बर्लिनला आला. पूर्वी आपल्याला बापाचा मुलगा म्हणून ओळखत, आता मुलाचा बाप म्हणून ओळखतात, असे तो उतारवयात गमतीने म्हणे. दोन मोठ्या नावांच्या मध्ये सापडलेल्या या माणसाबद्दल मला, बँकेतला असल्यामुळे असेल, थोडी आपुलकी वाटते. कारण फेलिक्स घडला तो अब्राहमच्या हिशेबी शिस्तीतून.

अलौकिक बालक म्हटले की आपल्याला मोझार्ट आठवतो. कोवळ्या वयात बापाबरोबर घोडागाडीतून दरबारोदरबारी फिरणारा, सरदारांपुढे वाजवून बक्षिसी मिळवणारा. तिथे मुलाच्या कलेवर घराची भिस्त होती. मेंडेल्सनांकडे उलटा व्यवहार होता. इथे घराने मुलांत भांडवल घातले. पहाटे पाचला उठायचे. गणित, लॅटिन, ग्रीक, चित्रकला, पियानो, व्हायोलिन असा दिवसभराचा कार्यक्रम. संगीतरचनेचे धडे द्यायला कार्ल त्सेल्टर हा बर्लिनमधला नामांकित गुरू. आणि एक आड एक रविवारी घरच्या दिवाणखान्यात मैफल, तिच्यासाठी राजदरबारच्या वाद्यवृंदातले कसलेले वादक बिदागी देऊन बोलावलेले. बारा वर्षांच्या मुलाने तंतुवाद्यांसाठी सिंफनी लिहावी आणि ती अशा वादकांकडून ऐकून कुठे काय चुकले ते त्याला कळावे, हे भाग्य त्या काळात पिकल्या केसांच्या संगीतकारांनाही दुर्मीळ होते.

नोव्हेंबर १८२१ मध्ये त्सेल्टर फेलिक्सला घेऊन वायमारला महाकवी गटेच्या घरी गेला. गटे बहात्तर वर्षांचा, फेलिक्स बारा वर्षांचा. गटेने कपाटातून मोझार्ट आणि बेथोव्हन यांची हस्तलिखिते काढली आणि मुलापुढे ठेवून वाजवायला लावली. बेथोव्हनचे अक्षर म्हणजे कागदावर शाईची दौत लवंडल्यासारखे. तेही या मुलाने वाचून दाखवले. गटेने १७६३ मध्ये फ्रँकफुर्टला सात वर्षांचा मोझार्ट ऐकलेला होता. दोन्ही बालके पाहिलेल्या त्या म्हाताऱ्याने या मुलाला वरचे माप दिले.

इतके झाले तरी अब्राहमची खात्री पटेना. कर्ज मंजूर करण्याआधी तारण तपासावे तसे त्याने १८२५ मध्ये मुलाला पॅरिसला नेले आणि केरुबिनी या अत्यंत खडूस, कोणाचे कौतुक न करणाऱ्या संगीतकारापुढे उभे केले. केरुबिनीने होकार दिला. त्याच शरदात सोळा वर्षांच्या फेलिक्सने आपल्या व्हायोलिनच्या शिक्षकाच्या वाढदिवसासाठी आठ तंतुवाद्यांची रचना लिहिली. तो ‘ऑक्टेट’ आजही जगभर वाजतो. पुढच्या वर्षी, १८२६ च्या उन्हाळ्यात, शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकावरचे प्रवेशसंगीत आले. सुरुवातीला फुंकवाद्यांचे चार लांब स्वर, जणू कोणी हळूच पडदा बाजूला करत आहे. मग व्हायोलिनची अतिशय बारीक, लगबगीची कुजबुज, म्हणजे पऱ्यांची पावले. मध्येच गाढवाचे ओरडणेसुद्धा येते. सतराव्या वर्षी मोझार्टनेही इतके पक्व काही लिहिलेले नाही, असे अनेक जाणकार मानतात.

आता या घरातल्या दुसऱ्या खात्याकडे वळतो. फेलिक्सहून तीन वर्षांनी मोठी बहीण फॅनी, जन्म १४ नोव्हेंबर १८०५. पियानोचे पहिले धडे दोघांनाही आई लेआने दिले. रचनेचा गुरूही एकच, त्सेल्टर. फॅनीने तेराव्या वर्षी, बापाच्या वाढदिवसाला, बाखची चोवीस प्रिल्यूड्स एकही कागद समोर न ठेवता वाजवली. अशा मुलीला बापाने १८२० मध्ये पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, फेलिक्ससाठी संगीत कदाचित पेशा होईल. तुझ्यासाठी ते केवळ भूषण राहील, तसेच राहिले पाहिजे. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. केरुबिनीपुढे तिला कोणी उभे केले नाही.

अब्राहम दुष्ट नव्हता. ऐपतदार घरातल्या मुलीने पैसे घेऊन लोकांपुढे वाजवणे त्या समाजात कमीपणाचे होते, आणि नुकताच ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या या कुटुंबाला आपले पाय घट्ट रोवायचे होते. मुलांचा बाप्तिस्मा १८१६ मध्ये झाला, आईबापांचा १८२२ मध्ये. आडनावापुढे बार्टोल्डी हे नवे नाव जोडले गेले. अशा घरात प्रत्येकाला नेमून दिलेली जागा असते. फेलिक्स संगीतकार, धाकटा पॉल पेढीवर, फॅनी संसारात.

भावाबहिणीचे गूळपीठ मात्र विलक्षण होते. फेलिक्स काहीही लिहायचा ते पहिल्यांदा फॅनीला दाखवायचा. तिने नापसंत केलेले तो बदलायचा. मिडसमरचे ते प्रवेशसंगीत वाद्यवृंदाकडे जाण्याआधी पियानोवर चार हातांनी वाजले, आणि त्यांतले दोन हात फॅनीचे होते. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या फेलिक्सने बर्लिनमध्ये बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर केले, तेव्हा गायकवृंदात फॅनी उभी होती.

त्या संध्याकाळीविषयी थोडे सांगायला हवे. बाख १७५० मध्ये वारला होता. जाणकार त्याला मानत, पण त्याच्या मोठ्या गायनरचना लोकांच्या कानांवरून पुसल्या गेल्या होत्या. फेलिक्सच्या आजीने ‘पॅशन’ची नक्कल करवून घेऊन नातवाला भेट दिली होती. तो आणि त्याचा गायक-नट मित्र एडुआर्ड डेव्ह्रियंट यांनी त्सेल्टरच्या मागे लागून परवानगी मिळवली आणि महिनोन्‌महिने तालमी घेतल्या. प्रयोगाला राजा आला, हेगेल आला, आणि शेकडो लोकांना जागेअभावी परत जावे लागले. तिथून बाख युरोपला पुन्हा सापडला. ज्यू कुळात जन्मलेल्या एका तरुणाने ख्रिस्ती संगीतातले हे शिखर पुन्हा उजेडात आणावे, यातली गंमत खुद्द फेलिक्सच्याही नजरेतून सुटली नव्हती.

त्यानंतरचे त्याचे आयुष्य म्हणजे न थांबणारा प्रवास. इंग्लंडच्या दहा वाऱ्या, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची फिंगलची गुहा, इटली, पॅरिस. १८३३ मध्ये बर्लिनच्या गायनसंस्थेच्या प्रमुखपदासाठी तो उभा राहिला आणि १४८ विरुद्ध ८८ मतांनी हरला. जिव्हारी लागलेला तो पराभव घेऊन तो आधी ड्यूसेलडॉर्फला आणि १८३५ मध्ये लाइपझिगला गेला. तिथल्या गेवांडहाउस वाद्यवृंदाला त्याने युरोपात अव्वल केले, वादकांचे पगार वाढावेत म्हणून भांडला. शूबर्टच्या मृत्यूनंतर दहा वर्षे कागदांत पडून राहिलेली त्याची मोठी सिंफनी शुमानला व्हिएन्नात सापडली. ती लोकांना पहिल्यांदा ऐकवली मेंडेल्सनने, १८३९ मध्ये. बाखचे स्मारक उभारायला पैसे हवेत म्हणून १८४० मध्ये तो एकटा ऑर्गनवर बसला. १८४३ मध्ये त्याने जर्मनीतले पहिले संगीत विद्यालय लाइपझिगला सुरू केले. त्याच वर्षी त्याने शेक्सपिअरच्या त्याच नाटकासाठी उरलेले संगीत लिहिले. ‘वेडिंग मार्च’ त्यातलीच. सतरा वर्षांच्या पोराने सोडलेला धागा चौतिसाव्या वर्षीच्या थकलेल्या माणसाने उचलला आणि सांधा कुठेही दिसत नाही.

म्हणजे विस्मृतीत गेलेल्या माणसांची बंद पडलेली खाती पुन्हा चालू करणे, हे मेंडेल्सनच्या आयुष्यातले मोठे काम. स्वतःच्या घरातले खाते मात्र त्याने कसे हाताळले?

१८२७ ते १८३० च्या सुमारास फेलिक्सच्या गीतांचे दोन संग्रह छापले गेले, प्रत्येकी बारा गाण्यांचे. त्या चोवीसांपैकी सहा गाणी फॅनीची होती. संग्रहांवर तिचे नाव नव्हते. घरच्यांना ठाऊक होते, तिलाही ठाऊक होते. चोरी म्हणावी असे त्यात काही नव्हते. गाणी बाहेर पडण्याचा तेवढाच मार्ग होता. जुलै १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने बकिंगहॅम राजवाड्यात फेलिक्ससमोर त्याचे गाणे म्हणायचे ठरवले आणि पहिल्या संग्रहातले नेमके ‘इटली’ हे गाणे निवडले. राणी गायलीही छान. मग फेलिक्सला कबूल करणे भाग पडले की हे गाणे आपल्या बहिणीचे आहे. ही हकिकत त्याने स्वतःच आईला लिहून कळवली. कबुली जड गेली, हेही त्यात लपवले नाही.

पण याच माणसाने १८३७ मध्ये आईची विनंती मोडली होती. फॅनीने आपल्या नावाने रचना छापाव्यात म्हणून तू तिला उत्तेजन दे, असे आईने लिहिले होते. फेलिक्सचे म्हणणे पडले की, तिने स्वतः ठरवले तर मी लागेल ती मदत करीन, पण भर घालणार नाही. ती घर सांभाळते, मुलाला वाढवते, आणि छापायचे तर त्यात सातत्य लागते. वरवर पाहता हे शहाणपणाचे बोलणे. आपल्या घरांतूनही असे शहाणपण आपण कितीदा ऐकले आहे. ज्याच्या एका होकारासाठी फॅनी थांबली होती, त्याने नकार दिला नाही. फक्त होकार दिला नाही.

फॅनी मात्र लिहीत राहिली. तिचा नवरा विल्हेल्म हेन्झेल चित्रकार होता आणि तिच्या लिहिण्याच्या बाजूचा होता. १८२९ मध्ये तिच्या लग्नासाठी फेलिक्स ऑर्गनवरची रचना पाठवणार होता, पण लंडनला गाडीच्या अपघातात त्याचा गुडघा दुखावला. ना रचना आली, ना भाऊ. लग्नाच्या आदल्या रात्री फॅनीने बसून स्वतःची रचना स्वतःच लिहिली. बर्लिनच्या लाइपझिगर रस्त्यावरच्या त्याच घरात तिने रविवारच्या मैफली पुन्हा सुरू केल्या. ती निवड करी, तालमी घेई, गायकवृंद चालवी. या मैफलींना युरोपातले नामवंत येत. तिने साडेचारशेच्या वर रचना केल्या. चाळिसी ओलांडल्यावर, १८४६ मध्ये, तिने भावाच्या उत्तेजनाची वाट पाहणे सोडले आणि आपल्या नावाने पहिला संग्रह प्रकाशकाला दिला. फेलिक्सने उशिरा का होईना, आशीर्वाद धाडला.

वर्ष पुरते लोटले नाही. १४ मे १८४७ रोजी पुढच्या रविवारची तालीम चालू होती. रचना फेलिक्सची. पियानोवर बसलेल्या फॅनीचे हात एकाएकी बधिर झाले. त्याच रात्री पक्षाघाताने ती गेली. वय एकेचाळीस.

फेलिक्सला फ्रँकफुर्टला बातमी कळली आणि तो कोसळला. अंत्यविधीला तो जाऊ शकला नाही. उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला जाऊन त्याने डोंगरांची जलरंगातली चित्रे काढली आणि एक तंतुवाद्यांचे चौकडे लिहिले, एफ मायनरमधले. पऱ्यांच्या पावलांचा हा संगीतकार त्यात ओळखू येत नाही. नेहमीची सफाई, नेहमीचे सौजन्य बाजूला सारून कोणी दारावर मुठी आपटाव्यात तसे ते संगीत आहे. बहिणीची हस्तलिखिते छापायला देण्याची खटपटही त्याने याच दिवसांत सुरू केली. दुरुस्तीचे व्हाउचर लिहायला घेतले म्हणा ना. ते पुरे व्हायला वेळ उरला नव्हता. ४ नोव्हेंबर १८४७ रोजी, अडतिसाव्या वर्षी, लाइपझिगला तोही पक्षाघातानेच गेला. बर्लिनला फॅनीच्या शेजारी त्याला पुरले. तिच्या त्या रचनांपैकी काही १८५० मध्ये छापून आल्या.

त्याच १८५० मध्ये वाग्नरने टोपणनावाने एक लेख लिहिला. ज्यू माणसाच्या हातून खरे संगीत निर्माणच होऊ शकत नाही, असा त्याचा सूर होता आणि मेंडेल्सन हे त्याचे मुख्य उदाहरण. पेरलेले विष उशिरा उगवले. नोव्हेंबर १९३६ मध्ये लाइपझिगच्या गेवांडहाउससमोरचा मेंडेल्सनचा पुतळा नाझींनी रातोरात हलवला. गावाचा महापौर कार्ल ग्योर्डेलर बाहेरगावी होता. परत आल्यावर पुतळा पुन्हा बसवा म्हणून तो भांडला आणि ऐकले जाईना तेव्हा त्याने पद सोडले. पुढे हिटलरविरोधी कटात सापडून १९४५ मध्ये तो फासावर गेला. १९३८ मध्ये मेंडेल्सनांची पेढीही गुंडाळायला लावली. जिच्या पैशावर ते रविवार साजरे झाले, ती १४३ वर्षांची पेढी. ज्याने इतरांची पुसलेली नावे पुन्हा लिहिली, त्याचेच नाव त्याच्या गावाने पुसले. पुतळ्याची प्रतिकृती लाइपझिगमध्ये उभी राहायला २००८ साल उजाडले.

फॅनीचा हिशेब त्याहूनही उशिरा जुळला. १९७० मध्ये पॅरिसला पियानोच्या एका सोनाटाचे हस्तलिखित सापडले. नाव ‘ईस्टर सोनाटा’, सही एफ. मेंडेल्सन. इतकी दमदार रचना फेलिक्सचीच असणार, असे धरून १९७२ मध्ये ती त्याच्या नावाने ध्वनिमुद्रितही झाली. असा एक सोनाटा फॅनीने १८२८ मध्ये लिहिल्याची नोंद होती, पण तो हरवला असे सगळे मानत होते. २०१० मध्ये एका अमेरिकन अभ्यासिकेने मूळ कागद पाहिले. अक्षर फॅनीचे होते, आणि पानांचे आकडे फॅनीच्या वहीतल्या गहाळ पानांशी तंतोतंत जुळत होते. २०१२ मध्ये ती रचना तिच्या नावाने वाजली. ८ मार्च २०१७ च्या महिलादिनी लंडनहून बीबीसीने ती जगाला ऐकवली. आडनाव एक, आद्याक्षर एक. जमा भलत्या पानावर.

हे वाचले त्या दिवशी मला आमच्या शाखेतल्या शिक्षिकाबाई आठवल्या. फेलिक्स लबाड नव्हता. आमच्या त्या खातेदार भावासारखे त्याने वर्षानुवर्षे पासबुकच उघडून पाहिले नव्हते, आणि पाहिले तेव्हा आपल्या पानावर काय जमा आहे हे तो राणीपुढेही बोलला. फॅनीही गप्प राहिली, कारण पैसे घरातच होते. अशा घरात कोणाला दोष द्यावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण बाईंचे चार महिन्यांचे व्याज आम्ही मागील तारखेपासून धरून दिले होते, काही रुपयेच होते ते. फॅनीच्या खात्यावर तेवढेही कोणाला जमा करता येणार नाही.

ते प्रवेशसंगीत मी अधूनमधून लावतो. चार लांब स्वर येतात, मग ती कुजबुज सुरू होते. तेव्हा मला वाद्यवृंद दिसत नाही. बर्लिनच्या त्या दिवाणखान्यातला एक पियानो दिसतो. त्यावर सतरा वर्षांचा मुलगा आणि वीस वर्षांची त्याची बहीण शेजारी शेजारी बसली आहेत, चार हात पट्ट्यांवर धावत आहेत, आणि दाराशी उभ्या असलेल्या पेढीवाल्या बापाला कोणता सूर कोणाचा ते कळत नाही.